बोट सुटलं तरी

जेवणाच्या सुट्टीत हातमोजे विसरले म्हणून वेल्डर ठिणगी शेडमध्ये परत आली आणि दारातच थबकली. तिच्या वेल्डिंग मशीनवर दोन डोकी वाकली होती. एक फिटरचं. त्याच्या मागच्या खिशात काटकोन तपासायचा गुण्या कायम असायचा, म्हणून त्याचं नावच गुण्या पडलं होतं. दुसरं डोकं मशीन तपासायला आलेल्या, गुलाबी चष्म्याच्या मुलीचं.

“असं दाबून नाही ठेवायचं हो... सोडून द्यायचं,” असं म्हणत चष्मेवालीने त्याचं बोट चक्क धरून वेल्डिंग टॉर्चच्या ट्रिगरवर ठेवलं. मग तो काहीतरी पुटपुटला आणि ती खळखळून हसली.

ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. गुण्याने जुळवलेला प्रत्येक जोड ती जरा जास्तच मन लावून मारायची, पण हा बाबा कधी कामापलीकडे बोलला असेल तर शपथ! आणि आता हा लोकांना हसवत होता.

सुट्टी संपली. गुण्याने कठड्याचे पाइप जुळवले, शिकंज्याच्या लोखंडी पकडीत आवळले.

“मार टाके.”

“मी कशाला? चष्मेवालीला बोलाव की. तिचा हात फार मऊ असेल.”

“मला काय माहीत?”

“तुला नाही तर कुणाला!”

तिने तोंडावर काच ओढली, छोट्या टाक्यापुरता क्षणभर ट्रिगर दाबला आणि सोडला. पण ठिणग्या थांबेनात! बोट सुटलं तरी टॉर्चमधून वितळणारी तार आपली येतच होती. टॉर्च मागे खेचेपर्यंत पाइपवर सुपारीएवढा गोळा बसला आणि गुण्याचा लाडका शिकंजा त्यातच चिकटला.

“माझ्या मशीनला हात कुणी लावला?”

“मी,” गुण्या म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“तिला शिकवायला?”

“तिच्याकडून शिकायला.” तो पाइपकडे बघत राहिला. “परवा लांब जोडाची सलग शिवण मारल्यावर तुला पाण्याची बाटली उघडता येईना. ट्रिगर दाबून दाबून बोट आखडलं होतं... मी बघत होतो. म्हणून तिला विचारलं, काही सोय आहे का? तर मशीनवर हे बटण निघालं. ते लावलं की ट्रिगर एकदा दाबून सोडला तरी चालू राहतं, पुन्हा दाबून सोडला की बंद. सांगणारच होतो, पण तू आलीस तीच फणकारत.”

ठिणगीचा राग अर्धा उतरला. अर्धा तिने हट्टाने धरून ठेवला.

“मग ती हसली कशाला?”

“तिने विचारलं, बोट कुणाचं दुखतंय? मी म्हटलं, माझ्या... आणि पुढे बोलताच येईना.”

“माझ्या कुणाच्या?”

“ठिणगीच्या,” तो इतक्या हळू म्हणाला, की तिला ते ओठांवरूनच कळलं.

तिने बटण पुन्हा पहिल्यासारखं केलं. “टाक्यांना हेच बरं. लांब शिवणीला तुझं.” हातमोजा काढून तिने आखडलेलं बोट त्याच्यापुढे धरलं. तो ते अगदी जपून चोळू लागला... आणि तिने हात काढून घेतला.

“आता काय झालं?”

“ती बघ, बॅग भरतेय. आधी जा आणि तिला ते वाक्य पुरं करून सांग. मोठ्याने. मला इथे ऐकू आलं पाहिजे!”

गुण्या गेला. कठड्याजवळ उभ्या ठिणगीला सगळं ऐकू आलं, आणि अख्ख्या शेडलाही.

चष्मेवाली पुन्हा हसली. या वेळी ठिणगीलाही हसू आलं.