होडीला घाट

"मेली, परत बुडाली!" गेमच्या मशीनवरची होडी पाहत मृणालिनी पुटपुटली.

"डावीकडून घ्यायची होती," मागून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं.

ती दचकून वळली. हॉस्पिटलमधली रात्रपाळी संपवून ती कपडे धुवायला थेट लाँड्रोमॅटमध्ये आली होती. डोळे चुरचुरत होते. काचेबाहेर अमेरिकेतल्या एडिसनमधला १९८३ चा मार्च — धड पाऊस नाही, धड बर्फ नाही. समोर ओल्या कोटातला एक तरुण, हातात गेमच्या मशीनच्या किल्ल्या.

"मी शैलेंद्र. हा गेम मी बनवलाय. आमच्या सगळ्या मशीन्समध्ये हे सर्वांत जास्त चालतं, किती खेळ झाले ते मीटरच सांगतो." तो लाजत हसला. "आवडतो ना तुम्हाला?"

"नाही."

"अहो, मग खेळता कशाला?"

"ड्रायर थांबेपर्यंत खुर्चीत बसले तर झोप लागेल म्हणून. खरं सांगू? तुमचा गेम माझ्या ड्यूटीसारखाच आहे. एक खडक चुकवला की दुसरा हजर. त्या बिचाऱ्या होडीला कुठे घाटच नाही..."

त्याचं हसू मावळलं. तिला वाईट वाटलं, पण शब्द सावरायचंही त्राण उरलं नव्हतं.

काही आठवड्यांनी त्यानं येऊन मशीनची चिप बदलली. नदीच्या वळणावर आता एक दगडी घाट होता. तिथे होडी लावली की काहीच घडायचं नाही. नुसतं पाणी हलायचं, हवा तितका वेळ. शेजारच्या बेकरीतली बाई काम संपवून यायची आणि होडी लावून शांत उभी राहायची. मृणालिनीसुद्धा. या देशात आल्यापासून तिचं म्हणणं इतकं मनावर कुणी घेतलंच नव्हतं.

मग शैलेंद्र दर रविवारी थर्मासमधून चहा आणू लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मे महिन्यात एकदा मात्र तो आला तो खांदे पाडूनच.

"मशीन काढतायत. खेळ कमी झाले ना! होडी घाटाला लागली की लोक हलतच नाहीत."

"अरे, पण त्यांना आवडतंय! साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, लोक काय, काहीही बोलतात. मीटर खोटं बोलत नाही. घाट काढ, नाहीतर मशीन काढू."

"मग काढायचास की घाट... वेडा कुठला!"

"काढवला नाही." तो जमिनीकडे पाहत राहिला. "तुझ्यासाठी बांधला होता, मृणाल."

ड्रायर थांबला होता. ती उठली नाही.

"आता रविवारी तुझं इथे काय काम?" तिनं हळूच विचारलं.

"काहीच नाही... तरी येऊ?"

"नको."

त्याचा चेहरा उतरला. तिनं त्याच्या बाहीला हलकेच धरलं.

"इथे नको, घरी ये. मी झोपले असेन... तर दार वाजवत राहा. उघडेन मी."