टेपचं दुसरं टोक

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. माझ्या मामाबरोबर घडली आहे, आणि मामाला खोटं बोलायचा कंटाळा आहे. त्यात डोकं चालवावं लागतं.

मामा जमिनीचा मोजणीदार. विद्यापीठाच्या आवारासाठी सगळी जमीन मिळाली होती. मधोमध फक्त शिंपीणबाईचं घर उरलं होतं.

"मी मेल्याशिवाय हलायची नाही," बाई येईल त्याला ऐकवायची.

मग एक दिवस ती दिसेनाशी झाली. लोक म्हणाले, मुलीकडे गेली असेल.

तिला मुलगी नव्हती.

त्याच आठवड्यात ठेकेदारानं तिच्या घरामागची विहीर बुजवली.

आता तिथल्या मोजणीची पद्धत अशी, की टेपचं दुसरं टोक मालकानंच धरायचं. मालक नाही तर मोजणी नाही. मोजणी नाही तर जमीन नाही. आणि जमीन नाही तर मामाच्या साहेबांनी त्याला आवारात कबूल केलेलं घरही नाही. मामीचे दिवस भरत आले होते, आणि एका खोलीत आधीच पाचजण कोंबलेले.

मोजणीच्या दिवशी संध्याकाळी साहेब गाडीत फोनवर होते. मामानं कुंपणाच्या कडेनं टेप घरामागे भिरकावली आणि आपली गंमत म्हणून हाक मारली, "बाई, धरा हो जरा!"

टेप... ताठ झाली.

मामानं सवयीनं आकडा वाचला. सवयीनंच म्हणाला, "सोडा."

सोडेना.

मामा मागे गेला. मागे कोणीच नव्हतं.

टेप बुजवलेल्या विहिरीच्या मुरुमात शिरली होती... आणि हळूहळू आणखी आत चालली होती.

मामा धावत गाडीशी आला. "साहेब, बाई विहिरीत आहे! टेप धरलीये तिनं!"

"धरलीये ना?"

"हो, पण..."

"विहीर तिच्याच हद्दीत?"

"हो."

"मग मालकीण हजर. केवढं घाबरवलंस रे! मला वाटलं, मोजणी राहिली."

"साहेब, विहीर उकरायला हवी."

साहेब हसले. मग हसायचे थांबले.

"बायकोला कितवा महिना?"

"नववा."

"घर हवंय ना?"

मामानं खिशातून वही काढली आणि आकडा लिहिला.

मागे टेप सरसरत राहिली... मग तोही आवाज थांबला.

जमीन विद्यापीठाला मिळाली. मामाला घर मिळालं. मामी खूश आहे.

मामा मात्र अजूनही पाय खाली सोडून बसत नाही. जेवतानाही मांडी घालून, पलंगावर. विचारलं तर म्हणतो, फरशी गार लागते.

घर चौथ्या मजल्यावर आहे. त्यानं मुद्दाम मागून घेतलं होतं.