जित्याचं पेडल

सिम्युलेटरची किल्ली मागायला धाकटी मास्तरांच्या खोलीत गेली, तेव्हा बाहेर अजून उजेड होता. मैदानावर बाकीची पोरंपोरी तास संपवून पाय मोकळे करत होती. मास्तर चहाचा कप पुढ्यात ठेवून तो गार व्हायची वाट बघत बसले होते. त्यांना कशाचीच घाई नसे. उभा जन्म इंजिनात काढलेला माणूस, आणि आता रेल्वेच्या या शाळेत नव्या चालकांना शिकवताना त्यांचा एकच मंत्र असायचा, "हळू... अजून हळू." म्हणून पाठीमागे सगळे त्यांना हळूमास्तर म्हणायचे.

"सर, ब्रेकचा सराव करायचाय. गाडी थांबते, पण शेवटी धक्का बसतो."

मास्तरांनी किल्ली पुढे केली, पण लगेच सोडली नाही.

"पोरी, खोट्या इंजिनात फार बसू नये. खऱ्या रुळावर माणूस घाबरून असतो, म्हणून शाबूत राहतो. तिथे घाबरायला काही नाही."

"थोडाच वेळ, सर."

ती खोटं बोलत नव्हती. ब्रेकवर तिचा हात खरंच जड पडायचा. पण तिथे जायचं कारण निराळं होतं, आणि ते मास्तरांना सांगण्यासारखं नव्हतं.

शाळेच्या मागच्या अंगाला, जुन्या गोदामाच्या इमारतीत ते खोटं इंजिन होतं. म्हणजे इंजिनाची नुसती केबिन, चार लोखंडी पायांवर उभी केलेली. आत सगळं खऱ्यासारखं: खुर्ची, ब्रेकचा दांडा, काटे, हॉर्न. समोरच्या काचेपलीकडे मोठा पडदा. कधीकाळी एका खऱ्या गाडीच्या नाकावर कॅमेरा लावून कुणीतरी अख्ख्या मार्गाचं चित्रण केलं होतं, तेच त्या पडद्यावर चालायचं. तुम्ही वेग वाढवलात की चित्र पळायचं, कमी केलात की रेंगाळायचं, आणि गाडी थांबवलीत की चित्रही जागच्या जागी गोठायचं. उडता पक्षीसुद्धा हवेत अडकून राहायचा. शेवटी एक बोगदा यायचा. बोगद्याच्या काळोखात चित्रण संपायचं आणि खोलीतले दिवे लागायचे.

त्या मार्गावर, बोगद्याच्या बऱ्याच अलीकडे, धाकटीचं गाव होतं.

पहिल्यांदा ते स्टेशन पडद्यावर आलं, तेव्हा वर्गातली सगळी पोरं मागे उभी होती. तिला गंमत वाटली. पाण्याची टाकी, वाकडा दिवा, कठड्याचा तुटलेला तुकडा, सगळं ओळखीचं. आणि मग फलाटाच्या टोकाचा बाक आला. बाकावर थोरली बसली होती.

गळ्यात शिलाईची टेप, मांडीवर हात, मान किंचित वाकडी. गाडी पुढे गेली. धाकटीच्या नजरेतून सिग्नल सुटला आणि मास्तर मागून ओरडले, "पिवळा होता तो! झोपलीस काय?"

थोरली म्हणजे तिची सख्खी बहीण. पण आई गेल्यावर तिनेच धाकटीला वाढवलं, त्यामुळे बहीण कुठे संपते आणि आई कुठे सुरू होते, ते धाकटीला कधी कळलंच नाही. थोरली लोकांचे कपडे शिवायची. धाकटी दर सोमवारी कॉलेजला शहरात जायची, आणि थोरली हातातलं शिवण टाकून, गळ्यातली टेप तशीच ठेवून, तिला सोडायला फलाटावर यायची. स्वतः मात्र गाडीत कधी बसली नाही. "कामातून सवड कुठाय?" म्हणायची. धाकटीने चालक व्हायचं ठरवलं, तेव्हा सगळं गाव हसलं. थोरली हसली नाही. मशीन चालवता चालवता ती धाकटीचा अभ्यास घ्यायची. धाकटी पुस्तकातली चित्रं दाखवून "हिरवा", "पिवळा", "लाल" असं मोठ्याने म्हणायची, कारण चालकाने प्रत्येक सिग्नल तोंडाने म्हणायचाच असतो. थोरलीही मान वर न करता तिच्यामागून म्हणायची, "हिरवा... पिवळा..."

"तू चालवायला लागलीस ना, की मग बसेन गाडीत," ती म्हणायची. "तुझ्या शेजारी. लांब कुठेतरी ने मला."

धाकटीची इथे निवड झाली आणि त्याच थंडीत साध्या तापाचं निमित्त होऊन थोरली गेली. तिचा म्हणावा असा एक फोटोही घरात नव्हता. लोकांचे कपडे शिवणाऱ्या बाईला नटूनथटून फोटो काढायला कुणी नेलंच नव्हतं. महिने गेले तशी धाकटीला धास्ती वाटू लागली, की आपण तिचा चेहरा विसरत चाललोय.

आणि अशात ती पडद्यावर बसलेली. हलती, जिती. त्या दिवशीही ती धाकटीलाच सोडायला आलेली असणार, हे उघड होतं.

म्हणून धाकटी रोज संध्याकाळी किल्ली मागायची. स्टेशन आलं की वेग इतका कमी करायची, की चित्र मुंगीच्या पावलाने सरके. थोरलीचा हात हळूहळू मांडीवरून उठायचा, हळूहळू कपाळावरचे केस मागे सारायचा, आणि मग ती काचेच्या कडेने निघून जायची. तेवढंच. पण तेवढ्यावर धाकटीचा दुसरा दिवस निघायचा. तिने खोलीतल्या मैत्रिणीला एकदा बरोबर नेलं, आपल्याला भास होतोय की काय ते तपासायला. मैत्रीण म्हणाली, "अगं, आहे की बाई बसलेली. टेपवाली. तुझी ताई? नाक अगदी तुझंच!" आणि मग चष्मा काढून डोळे पुसले तिने.

परवापर्यंत धाकटीने त्या स्टेशनवर गाडी पूर्ण थांबवली नव्हती. ती गाडी तिथे थांबणारी नव्हतीच, सिग्नल हिरवा असायचा, आणि हिरव्याला गाडी उभी करणं शिस्तीत बसत नाही. परवा मात्र तिला राहवलं नाही. तिने बाकासमोर ब्रेक लावला. काटा शून्यावर आला. चित्र गोठलं. टाकीतून ठिबकणारं पाणी हवेत थांबलं. फलाटावरच्या कुत्र्याचं पाऊल उचललेलंच राहिलं.

आणि त्या गोठलेल्या चित्रात थोरलीने मान वर केली.

सरळ काचेकडे पाहिलं.

धाकटी केबिनमधून कशी बाहेर पडली, तिचं तिलाच आठवत नव्हतं. रात्रभर ती कूस बदलत राहिली. पण पहाटे पहाटे जी गोष्ट मनात राहिली, ती भीती नव्हती. थोरलीच्या डोळ्यांत ओळख होती. मशीनवरून मान वर करून "आलीस होय?" म्हणताना असायची ती.

तर आज पुन्हा किल्ली तिच्या हातात होती.

गोदामाच्या खिडक्यांना काळे पडदे होते. दार लोटलं की दिवस बाहेर राहायचा. धुळीचा आणि गरम झालेल्या तारांचा वास. तिने खुर्ची पुढे ओढली, पेडलवर पाय ठेवला. चालकाचा पाय त्या पेडलवर असेल तोवरच गाडी चालते. चालकाला झोप लागली, भोवळ आली, तो मेला, तर पाय सुटतो आणि ब्रेक आपोआप लागतात. शाळेतली पोरं त्याला जित्याचं पेडल म्हणायची.

"हिरवा," ती म्हणाली आणि निघाली.

शेतं गेली, पूल गेला. टाकी आली, वाकडा दिवा आला. तिने श्वास रोखून दांडा ओढला. आज धक्का बसला नाही. गाडी पाण्यावर पान टेकावं तशी टेकली. ठिबकणारं पाणी थांबलं. कुत्रं थांबलं.

थोरली बाकावरून उठली. टेप सारखी केली. फलाटावरून चालत आली, गाडी चुकू नये म्हणून बायका चालतात तशी, लगबगीने. काचेच्या डाव्या कडेपर्यंत आली आणि दिसेनाशी झाली.

पडद्यावर आता रिकामा बाक होता.

मग केबिन हलली. मागच्या पायरीवर कुणी पाय दिला की ती जराशी मागे झुकायची, तेवढीच. दाराची कडी वाजली नाही. पण मशीनच्या तेलाचा आणि नव्या कापडाच्या खळीचा वास आला. घरचा वास.

"ताई...?"

"चल की," मागून आवाज आला. हळू, नेहमीचा. "मागे नको बघू. चालवणाऱ्याने पुढे बघायचं असतं ना?"

धाकटीने पेडल दाबलं. चित्र सुटलं.

"हिरवा," ती म्हणाली.

"हिरवा," मागून आलं.

ते सुख काय सांगावं! ती रडत होती, हसत होती, आणि हात मात्र सराईतासारखे चालत होते. तिने थोरलीला पूल दाखवला, कारखान्याचं धुराडं दाखवलं. थोरली लहान मुलासारखी "अगंबाई" म्हणत होती. "जेवतेस ना वेळेवर?" तिने विचारलं. "केस किती विरळ झालेत तुझे." मानेवर बोटं फिरल्यासारखं झालं. ती गार होती, पण थोरलीची बोटं कायमच गार असायची.

बोगदा आला. काळोख झाला. आता चित्रण संपणार, दिवे लागणार... धाकटीने डोळे बारीक केले.

दिवे लागले नाहीत. गाडी बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडली.

पलीकडचा मुलूख तिने कधी पाहिला नव्हता. उजेड होता, पण ऊन नव्हतं. दोन्ही बाजूंना उंच गवत, वारा नसताना एकाच दिशेला निजलेलं. ना घर, ना खांब, ना सिग्नल. गाडीचा खडखडाटही थांबला होता. चाकं कापसावरून जावीत तशी चालली होती.

"ताई, इथे सिग्नल नाहीत..."

"नकोच ना मग. चल."

"कुठे?"

"लांब. नेणार होतीस ना मला."

आणि तेव्हा धाकटीच्या ध्यानात आलं. बोगद्याआधी रूळ दुहेरी होते, एक जायचा, एक यायचा. इथे एकच होता. यायचा नव्हता.

तिच्या अंगावर काटा आला. आणि तरीही, खरं सांगायचं तर, क्षणभर तिला वाटलं, असू दे. मागे होतं कोण तिचं? वसतिगृहाची एक खाट, आणि शेजारच्या खाटेवर रात्री पुस्तक तोंडावर घेऊन झोपणारी ती चष्मेवाली. तिने काटा वर चढू दिला. गवत पळू लागलं.

मग न ठरवताच तिचा पाय उचलला गेला. मास्तरांनी इतके महिने तेच तर घोटून घेतलं होतं. काही म्हणजे काही समजेनासं झालं, की पाय काढ.

गाडी थांबली नाही.

तिने खाली पाहिलं. तिचा पाय वर होता, आणि पेडल दाबलेलंच होतं.

"ताई... सोड."

फक्त मानेजवळ श्वास, की श्वासासारखं काहीतरी.

"ताई, सोड ना गं." तिचा आवाज एवढासा झाला. कितीतरी वर्षांपूर्वी, थोरली शिवत बसलेली असताना, अभ्यासाला कंदील आपल्याकडे ओढून घेताना असायचा तसा. "माझी उद्या परीक्षा आहे."

गवत पळत राहिलं.

"अगंबाई, खरंच की," थोरली म्हणाली. "आधी नाही का सांगायचंस. मग झोप हो आता. लवकर उठवते."

पेडल सावकाश वर आलं. ब्रेक कण्हले. केबिन मागे झुकली आणि पुन्हा सरळ झाली. तेलाचा वास विरत गेला आणि डोक्यावरचे दिवे भकदिशी लागले.

हळूमास्तर दारात उभे होते. "काय गं, बोगदा कधीचाच संपला. अंधारात काय करत होतीस?"

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. पहाटे कुणी तिला हाक मारली की काय कोण जाणे, पण गजराआधीच ती जागी झाली होती. परीक्षेलाही तोच मार्ग आला. तिने एकही सिग्नल चुकवला नाही. स्टेशन आलं, टाकी आली, दिवा आला. बाक रिकामा होता. तिने पुढे बघत "हिरवा" म्हटलं. मागून कुणी म्हटलं नाही. उत्तीर्ण झाल्याचं सांगताना मास्तरांनी पहिल्यांदाच तिच्या पाठीवर थाप मारली, आणि ती बाहेर येऊन पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडली. लोकांना वाटलं, आनंदाने.

दुपारी मैत्रिणीची परीक्षा आटोपली. ती धावतच आली.

"पास! अगं, आणि तुझं गाव आलं ना, तर बाकावर आज दोघी! तू सांगितलं नाहीस."

"कोण दोघी?"

"तुझी ताई, आणि शेजारी कोणीतरी मुलगी. आपल्यासारखाच निळा शर्ट. चल, दाखवते."

गोदामात कुणी नव्हतं. मैत्रिणीने गाडी चालवली, धाकटी तिच्यामागे उभी राहिली. टाकी आली. वाकडा दिवा आला. वेग कमी झाला. धाकटीला बाक स्पष्ट दिसत होता. रिकामा, लाकडाच्या फटी मोजता येतील इतका रिकामा.

"बघ, बघ," मैत्रीण पडद्याकडे बोट करून म्हणाली. "ताई केस विंचरतेय तिचे. किती मायेने... ती मुलगी वळतेय बघ इकडे. ही... ही तर तू..."

ती बोलायची थांबली. गाडीही थांबली. ती खुर्चीतच हळूहळू मागे वळली आणि धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला, आणि भिंतीचा रंग वाळलाय की नाही ते बघावं तसं एक बोट धाकटीच्या गालाला लावून पाहिलं.