क्ष अधिक दोनचा वर्ग

"अगं बये, कंस कुठे ठेवलास? घरी विसरून आलीस का?"

जिना उतरता उतरता ती थबकली. ग्रंथालयाच्या लांबलचक वाचनदालनात, खिडकीपाशी एक तरुण एकटाच बसला होता आणि आपल्या मोबाइलवर वैतागला होता. पलीकडून कुणी उत्तर देत नव्हतं. मोबाइलमधून नुसता चिवचिवाट येत होता. कुणीतरी उंदराला बोलायला शिकवलंय आणि त्याला कुठेतरी पोचायची भयंकर घाई आहे, असा.

तिने कान टवकारले. तो उंदीर म्हणजे तीच होती.

आवाज हा तिचा धंदा. साबणाच्या जाहिराती, दवाखान्यांच्या फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा', लिफ्टमधल्या सूचना, सगळं ती करायची. आणि आठवड्यातल्या काही सकाळी याच ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. कथा झाल्या, प्रवासवर्णनं झाली, आणि गेल्या महिन्यात तिच्या गळ्यात पडलं होतं बीजगणिताचं एक जाडजूड पुस्तक. शाळेत गणिताने तिला रडवलं होतं. पण वाचायचंच तर आहे, समजून कुठे घ्यायचंय, असं म्हणून तिने ते वाचून टाकलं होतं. तेच आता चौपट वेगाने कुणीतरी ऐकत होतं आणि तिला शिव्या घालत होतं.

ती तडक त्याच्या टेबलाशी गेली. "कसला कंस?"

तो दचकला. त्याने मोबाइल थांबवला आणि मान तिच्या दिशेने किंचित कलती केली. त्याचे डोळे तिच्यावर नव्हते, कशावरच नव्हते. टेबलाच्या कडेला घडी घातलेली पांढरी काठी होती.

"बोला... अजून एकदा बोला," तो म्हणाला.

"कसला कंस, म्हटलं मी."

त्याच्या चेहऱ्यावर आधी संशय आला, मग धक्का, आणि मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अरे देवा. तुम्ही... त्याच?"

"त्याच. कंस घरी विसरून येणाऱ्या."

"माफ करा. म्हणजे... तुमचा आवाज फार सुरेख आहे. कथा वाचता तेव्हा तर मी वेगसुद्धा वाढवत नाही. पण गणित तुम्ही..." तो शब्द शोधू लागला.

"वाईट वाचते?"

"गोड वाचता. आणि चूक वाचता."

आजवर तिच्या वाचनाला कुणी नावं ठेवली नव्हती. ती समोरची खुर्ची ओढून बसलीच. "सिद्ध करा."

तो हसला. खालचा ओठ दाताखाली धरून हसायची त्याची लकब होती. "तुम्ही वाचलंय, 'क्ष अधिक दोनचा वर्ग'. आता मला सांगा, वर्ग कोणाचा करायचा? एकट्या दोनचा, की क्ष आणि दोन या दोघांचा मिळून?"

"पुस्तकात असेल तसा."

"पुस्तक तुमच्या हातात होतं, माझ्या नाही. बरं, असं बघा. आई तुम्हाला म्हणाली, 'आत्या आणि मामाची मुलं जेवायला येणार आहेत.' ताटं किती मांडाल?"

"मुलं किती आहेत त्यावर..." ती थांबली. "थांबा. आत्या स्वतः येणार आहे का? की आत्याची मुलं आणि मामाची मुलं?"

"बघा! आत्या जेवणार की उपाशी राहणार, ते एका 'ची'वर अवलंबून. तुम्ही माझी आत्या उपाशी ठेवलीत."

ती इतक्या जोरात हसली की पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी 'शूऽऽ' केलं. तिने तोंडावर हात धरला. बाहेर पावसाची सर येऊन गेली होती, उघड्या खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता, आणि तिला कळत नव्हतं की आपण गणितावर हसतोय की या माणसावर.

तो शाळकरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचा, म्हणून सगळे त्याला मास्तरच म्हणायचे. लहानपणी तापात डोळे गेले. पुढचं सगळं गणित तो कानांनी आणि बोटांनी शिकला. संशोधन संस्थेच्या प्रवेशपरीक्षेला तो गेल्या वर्षी बसला होता. तिथे प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला दिलेल्या वाचकाने सगळे कंस गिळून टाकले, आणि मास्तरने भलतीच गणितं अगदी बिनचूक सोडवली. यंदा पुन्हा बसायचं होतं. म्हणून हे पुस्तक.

"मी परत वाचते," ती म्हणाली. "पण तुम्ही शेजारी बसायचं."

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे कपाटाची थोरली बहीण. भिंतींना काळा फोम, एक टेबल, एक माइक, आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रण सांभाळणारे मशीनकाका. काका मितभाषी. वर्षानुवर्षं इतरांचे आवाज ऐकून त्यांनी स्वतःचा जपून ठेवला होता. दोन खुर्च्या आत मावेनात, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जवळ बसा. माझी हरकत नाही."

मग सुरू झाली एक अजब शिकवणी. कंस आला की आधी थांबायचं आणि आतलं सगळं एका श्वासात म्हणायचं. घात आला की सूर जरासा चढवायचा. भागाकाराच्या रेघेसाठी एक लांब विराम.

"पण हे क्ष-य कोण आहेत?" पहिल्याच दिवशी ती कुरकुरली. "शाळेत मला त्यांची भीतीच बसली होती."

"सर्वनामं आहेत."

"काय?"

"'कुणीतरी येऊन गेलं वाटतं,' असं आपण म्हणतो ना? तो कुणीतरी म्हणजे क्ष. आहे नक्की, नाव माहीत नाही. समीकरण म्हणजे त्याच्याबद्दल लागलेला सुगावा."

"आणि 'बरोबर'चं चिन्ह?"

"क्रियापद. ते नसलं तर वाक्यच नाही. नुसते शब्द उभे."

ती बघतच राहिली. एवढी वर्षं ज्याला ती कुलूप समजत होती, ते वाक्य होतं! कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि ती नुसती अक्षरं उच्चारत होती. घरी जाताना तिला दुकानांच्या पाट्यांतसुद्धा कंस दिसू लागले. 'जुनं पुस्तकांचं दुकान' आणि 'जुन्या पुस्तकांचं दुकान'... नुसत्या एका प्रत्ययाने जुनेपणा दुकानावरून पुस्तकांवर उडी मारत होता. दुसऱ्या दिवशी धावत जिना चढून तिने हे मास्तरला सांगितलं, तर तो खुर्चीतून उठलाच.

"हे मला सुचायला हवं होतं!"

"पण मला सुचलं," ती ऐटीत म्हणाली.

"आवाजबाई, तुम्ही धोकादायक होत चाललाय."

आवाजबाई! त्या दिवसापासून तेच नाव पडलं.

एकदा बसथांब्यापर्यंत जाताना तो तिचा कोपर धरून चालत होता. अचानक म्हणाला, "एक विचारू? त्या बँकेच्या लिफ्टमधल्या बाई तुम्हीच ना? रोज मला दूर उभं राहायला सांगता."

"दारापासून. माझ्यापासून नाही."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. कोपरावरची त्याची बोटं जराशी घट्ट झाली... की तिला भास झाला?

पुस्तक संपत आलं तेव्हाची गोष्ट. एक लांबच लांब ओळ होती, कंसात कंस. तिने श्वास भरला आणि सुरुवात केली. एक कंस उघडला, त्यात दुसरा, दुसरा मिटला, पुढचं पद, त्याच्या पुढचं... तिचा चेहरा लाल झाला, आवाज पातळ होत गेला, आणि—

"थांबा!" ती धापा टाकत ओरडली. "हा कंस बंदच झालेला नाही!"

"तुम्ही विसरला असाल."

"मी नाही, छापणारा विसरलाय. 'बरोबर' येऊन ठेपलं तरी माझा श्वास अडकलेलाच! क्रियापद दारात उभं आहे आणि कर्ता अजून तोंडात आहे. असं कसं चालेल? तो इथे मिटायला हवा... 'य'च्या नंतर, 'बरोबर'च्या अलीकडे."

त्याने ओठ हलवत ती ओळ मनात पुन्हा मांडली. मग त्याचा सगळा चेहरा उजळला. "अगदी तिथेच. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मला... मला ऐकू आलं!"

आनंदाच्या भरात तिने त्याचे दोन्ही हात धरले होते. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा खूप उशीर झाला होता, आणि सोडायची घाई दोघांनाही नव्हती. मशीनकाकांनी काचेपलीकडे पाठ फिरवून उगाचच एक वायर गुंडाळायला घेतली.

"तुम्हाला काहीतरी विचारायचंय," तो हलकेच म्हणाला. "पण आत्ता नाही विचारता येणार."

"का?"

"परीक्षेत वाचक म्हणून तुम्ही याल का, हे आधी विचारतो. शाळेपुढे गणित शिकलेला वाचक चालत नाही, तुम्ही चालाल. आणि दुसरी अट... वाचक उमेदवाराच्या नात्यातला नसावा." तो अडखळला. "म्हणून ते दुसरं... परीक्षेनंतर."

तिच्या छातीत इतकी धडधड झाली की माइकने ती नक्की पकडली असणार.

परीक्षेच्या दिवशी त्यांना वेगळी खोली दिली होती. करड्या केसांचे पर्यवेक्षक करड्या आवाजात म्हणाले, "उमेदवाराशी आपलं नातं?"

"काही नाही," ती म्हणाली. खोटं नव्हतं.

मास्तर ब्रेल यंत्रावर बोटं ठेवून बसला. तिने पहिला प्रश्न वाचला. थांबून, सूर चढवून, श्वास राखून. दुसरा वाचला. यंत्र खटखटू लागलं. तिसऱ्याला पर्यवेक्षक ताडकन उठले.

"हे काय चाललंय? मध्येच थांबता, मध्येच आवाज चढवता. खुणा ठरवून आलाय का दोघं? उत्तरं सांगताय त्याला?"

मास्तरचे हात थिजले. गेलं वर्ष, त्याच्या आधीचं सगळं, एका क्षणात त्याच्या चेहऱ्यावर आलं. तिला भीती वाटायला हवी होती. पण वाटला तो संताप.

"सर, मी फक्त वाचतेय."

"वाचणं मला माहीत आहे. सरळ, सपाट वाचा."

"सपाट वाचलं तर ते चूक वाचणं होईल." तिचाच आवाज तिला नवा वाटला. "तुम्ही कोरा कागद घ्या. माझ्याकडे बघू नका. मी पुढचा प्रश्न वाचते, तुम्ही ऐकाल तसा चिन्हांत लिहा. छापलेल्यापेक्षा एक खूण जास्त आली तर आम्हाला बाहेर काढा."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे रोखून पाहिलं. मग खुर्ची भिंतीकडे वळवली आणि पेन काढलं.

तिने वाचलं. इतकं जपून तिने आयुष्यात काही वाचलं नव्हतं. वर्गमूळ, त्याखाली कंस, कंसाचा घन, मग लांब विराम आणि खाली छेद. वाचून झालं. पेनाची खरखर थांबली. पर्यवेक्षकांनी आपला कागद प्रश्नपत्रिकेशेजारी ठेवला. एकेका चिन्हावर बोट ठेवत गेले, शेवटाला पोचले, आणि पुन्हा पहिल्यापासून गेले.

"हं," ते म्हणाले. "हे तर जसंच्या तसं आलं."

त्यांनी खुर्ची पुन्हा सरळ केली.

"वाचा पुढे. आणि ऐका, मी घालवलेला वेळ तुम्हाला वाढवून मिळेल."

खटखट पुन्हा सुरू झाली. आधी चाचरत, मग पावसासारखी. तो उत्तरं लिहीत होता आणि त्याचा खालचा ओठ दाताखाली गेला होता, म्हणजे त्याला मजा येत होती.

संपल्यावर ते व्हरांड्यात आले. इतर उमेदवार घोळक्याघोळक्याने उत्तरं ताडून बघत होते. पागोळ्या गळत होत्या. तो कठड्याला टेकला.

"गणितात संबंध नावाची एक गोष्ट असते," त्याने सुरुवात केली. "'अ'चा 'ब'शी संबंध असला, म्हणून 'ब'चा 'अ'शी असेलच असं नाही. दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. तर... एक दिशा मी तपासलीय. कितीतरी वेळा. त्यात शंका नाही. दुसरी मात्र... ती माझ्या हातात..."

"मास्तर, साध्या मराठीत सांगाल का?"

त्याने श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. फार आवडता."

"आणि मला तू," ती म्हणाली. अहोजाहो गळून पडलं ते पडलंच. "आत्याला उपाशी ठेवल्याबद्दल ओरडलास ना, तेव्हापासून."

त्याने हात पुढे केला, चाचपडला. तिने तो आपल्या गालाशी नेला. शेजारच्या घोळक्यातली मुलं उत्तरं ताडायची विसरली.

निकाल लागला तो एका ढगाळ दुपारी, ऐन ध्वनिमुद्रणात. फोन त्याच्या ताईचा होता. तिने दुसऱ्या शहरातून एवढ्या जोरात किंकाळी फोडली की मशीनकाकांनी कानांवरचं यंत्र काढून बाजूला ठेवलं. प्रवेश मिळाला होता! शिष्यवृत्तीही. काका आत आले, त्यांनी मास्तरची पाठ थोपटली आणि कुणी न विचारता म्हणाले, "चहा सांगतो." ते गेले. दार त्यांनी मागे नीट लावून घेतलं.

फोन टेबलावर ठेवून तो तिच्याकडे वळला.

"संस्था लांब आहे," तो म्हणाला. "ताई म्हणतेय तिथे एखादी खोली बघते. मी... दर सुट्टीला येईन. फोन करीन. म्हणजे तू कंटाळली नाहीस तर..."

"माइक तिथेही मिळतात," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आवाज कुठेही नेता येतो. ताईंना सांग, खोली एकाची बघू नका. दोघांची बघा."

तो एवढा बोलका माणूस, मुलांना कुठलीही गोष्ट सात तऱ्हांनी समजावणारा, पण आत्ता नुसता उठला, पुन्हा बसला, टेबलाला गुडघा आपटून घेतला. "म्हणजे आपण... तू... खरंच? कधी?"

ती हसत त्याच्या शेजारी सरकली. "आज संध्याकाळी आधी माझ्या आईकडे जाऊ," ती म्हणाली. "ती खूप प्रश्न विचारेल. तू फक्त माझ्याजवळ बस."