पहिला सेंटीमीटर

दार ढकललं गेलं आणि दुकानात आधी दोन बाह्या आल्या, मग मुलगी. अंगावर मैत्रिणीचा कोट, त्यात बोटांची टोकंसुद्धा दिसेनात.

"मास्टर, हा माझ्या मापाचा होईल?"

मास्टरनं मान वर केली आणि तिथंच त्याचा निकाल लागला. एरवी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडेही न बघणारा माणूस!

"त्यापेक्षा नवाच शिवू. कशासाठी हवाय?"

"अंतराळात जायचंय."

"कोट घालून?"

ती खळखळून हसली. एरोस्पेस इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, महिन्याभरानं अंतराळवीरांची निवड. लहानपणापासून दुसरं काही डोक्यातच नाही. घोडं अडलं होतं ते उंचीपाशी. एकशे अठ्ठावन्न सेंटीमीटर हवी, आणि होस्टेलच्या मैत्रिणी भिंतीला उभं करून कधी सत्तावन्न सांगत, कधी अठ्ठावन्न.

"तुम्हीच मोजा ना. तुमचं माप खरं."

ती चपला काढून भिंतीला टेकली. टेप मास्टरच्या वडिलांची. टोकाची पट्टी कधीच तुटलेली, तिच्याबरोबर पहिला सेंटीमीटरही गेलेला. म्हणून प्रत्येक मापातून एक वजा करायचा, ही त्याच्या हाताची सवय. पण टेप दीडशेची. दीडशेवर खडूची खूण करून वरचं पुन्हा मोजावं लागलं, म्हणजे तो एक सेंटीमीटर दोनदा वजा करायला हवा होता. तेवढ्यात तिनं डोळे वर केले... "सांगा ना, किती?"

"एकशे अठ्ठावन्न," म्हणाला मास्टर. वजाबाकी एकदाच झाली होती.

तिनं टाळीसाठी हात पुढे केला. त्यानं दिली, आणि मग बराच वेळ तो हात नुसताच बघत बसला. चूक कळली ती गेल्यावर, खडूची खूण पुसताना. ट्रायलला आली की सांगून टाकायचं, त्यानं ठरवलं.

ट्रायलला ती आली ती उड्या मारतच.

"मास्टर, पलीकडच्या रस्त्यावर विमानाच्या भागांचा कारखाना आहे ना, तिथं नोकरी मिळतेय मला! उद्या कळवायचंय. पण नाहीच म्हणणार आहे. उंचीचं मिटलं, आता मागे कशाला बघायचं?"

"मला... एक सांगायचं होतं—"

"मग सांगा की." ती आरशातून त्याच्याकडे बघत होती. "का तोंडात टाचण्या धरूनच सांगणार?"

सांगावं की नाही? सांगितलं तर हे हसू जाईल, आणि ही पुन्हा दुकानाची पायरी चढायची नाही. भित्रा कुठला! त्यानं आणखी दोन टाचण्या तोंडात धरल्या.

"काय रे, तोंडाला कुलूप लागलं का?" आतल्या खोलीत काजं करणारी त्याची आत्या म्हणाली. तो कानापर्यंत लाल झाला आणि ती मुलगी पुन्हा हसली.

निवडीच्या दुसऱ्या दिवशी ती आली, त्यानं शिवलेला कोट घालून. डोळे सुजलेले.

"सत्तावन्न," ती म्हणाली. "तीनदा मोजलं आणि परत पाठवलं. पुढचं काही विचारलंसुद्धा नाही. मी भांडले हो तिथं. म्हटलं, आमच्या मास्टरचं माप चुकत नाही."

मास्टरनं टेप तिच्या हातात ठेवली आणि टेपचं तुटकं टोक दाखवत सगळं सांगितलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे ट्रायलला..."

"माहीत होतं. तुमचं हसू जाईल म्हणून... माझं प्रेम आहे तुमच्यावर. तुम्ही येणं बंद कराल, ही भीती वाटली."

ती अंगठ्यानं टेपचं टोक चाचपत राहिली.

"कारखान्यातल्या जागेवर दुसरी मुलगी आली," अखेर ती म्हणाली. "दादा न्यायला आलाय. आज घरी चाललेय. खरं सांगितलं असतंत ना मास्टर, तर मी रडले असते, नोकरी धरली असती, आणि रोज संध्याकाळी याच दारावरून गेले असते. थांबलेही असते... मला आवडत होतं इथं थांबायला."

तिनं टेप घडी करून मशीनवर ठेवली आणि ती निघाली. पाठमोरा कोट खांद्यावर चोख बसला होता, कुठे सुरकुतीसुद्धा नव्हती.

"ती आली का रे?" आतून आत्यानं विचारलं. "दोघांचा चहा टाकू?"

"नको," मास्टर म्हणाला.