सगळे तुकडे एकाच जागी

सकाळी सातला माणिकचा फोन आला, तेव्हा विद्याधर सरांचा चहा अजून कपातच होता.

"वर्गाच्या कपाटाची काच फोडलीय, सर. तुमच्याच पोरांनी. लगेच या."

वेसाव्याच्या कोळीवाड्यात समाजमंदिराच्या एका खोलीत सर मुलांना इंग्रजी शिकवत. माणिक तिथला सचिव. सरांनी कप तसाच ठेवून रिक्षा पकडली.

माणिक फळ्याकडे बोट दाखवत उभा होता. काल सरांनी 'स्मॅश' हा शब्द शिकवला होता. कप हातातून निसटून फुटला तर तो नुसता 'ब्रेक'. 'स्मॅश'मध्ये जोर हवा, बहुतेक वेळा रागही. गाडी भिंतीवर आदळली की स्मॅश, बॅडमिंटनचं शटल दणकन खाली हाणलं की तोही स्मॅश. शेवटी नेत्राने फळ्यावर आपलं वाक्य लिहिलं होतं, त्याचा अर्थ एवढाच: मी काच स्मॅश करीन.

"तुम्ही शिकवलंत, तिने करून दाखवलं," माणिक म्हणाला. संध्याकाळी पाचपर्यंत छडा लागला नाही, तर वर्गाला कायमचं कुलूप. आधीच कालपासून बर्फाची एक लादी आलेली नाही, धक्क्यावरचे सगळे होडीवाले त्याच्याच डोक्यावर बसलेत, त्यात हे, अशी त्याची कुरकुर चालू राहिली.

बारा वर्षांची नेत्रा दारात उभी होती. येत्या रविवारी तिची दूरच्या निवासी शाळेची प्रवेश परीक्षा होती. धक्क्यावर बर्फ फोडून होड्यांत भरणारा तिचा बाप निमेश शेजारीच होता. पोरगी असलं करणार नाही, असं तो ज्याला त्याला सांगत होता. सरांकडे मात्र बघत नव्हता.

सर गुडघ्यांवर बसले. सगळे तुकडे कपाटाच्या पायाशी, हातभर जागेत पडले होते. फरशी ओली होती. एका तुकड्याच्या कडेला तपकिरी धागा अडकला होता. पुस्तकं जागच्या जागी होती. मुलांकडून हरवतील म्हणून सरांनी परीक्षेची प्रवेशपत्रं स्वतः छापून कपाटात ठेवली होती. फायलीत सहाऐवजी पाचच निघाली. नेत्राचं नव्हतं.

शेजारी सखुबाई पहाटेपासून जवळा निवडत बसल्या होत्या.

"काच फुटल्याचा आवाज आला?"

"नाय, मास्तर."

"काहीच नाही ऐकलं?"

"बर्फ फोडीत होते. धप् धप्. रोजचंच ते."

"किती वाजता?"

"पाच वाजले असतील."

सर दोन पावलं गेले आणि थबकले.

त्यांना उत्तर तिथेच मिळालं. तरी ते दिवसभर त्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. कबूल करायला कोणीतरी आपणहून दार ढकलेल, अशी त्यांना आशा होती. पाचला दार उघडलं ते माणिकने, हातात कुलूप घेऊन. मागे निमेश आणि नेत्रा.

"माणिक, काल बर्फ आलाच नाही. मग पहाटे फोडत काय होते?"

सरांनी धागा अडकलेला तुकडा उचलून त्याच्यापुढे धरला.

"लादी फोडताना वर ओलं गोणपाट टाकतात. तुकडे उडत नाहीत, आवाज दबतो. हा बघ धागा. रागाने दगड घातला असता, तर काच खोलीभर उडाली असती. फोडणाऱ्याला राग नव्हता. पोरं इथे अनवाणी येतात, त्यांच्या पायांची काळजी होती. आणि नेला एकच कागद. नेत्राचा."

"बर्फ फोडणारे धक्क्यावर दहा जण आहेत, सर."

"नेत्राचा बाप एकच आहे."

निमेशने मान खाली घातली. "ती गेल्यावर घरात करू काय, मास्तर? तुम्हाला नाय म्हणायला तोंड नव्हतं. वाटलं, कागद नसला तर परीक्षा नाय. आळ तिच्यावरच येईल, हे डोक्यात नाय आलं. आल्यावरही बोलायची छाती झाली नाय."

"तो कागद पाच मिनिटांत पुन्हा छापता येतो, निमेश."

निमेशने झटकन मान वर केली.

"पण मी छापणार नाही. नेलास तू, द्यायचाही तूच."

नेत्रा बापाकडे न बघता फळ्यापाशी गेली आणि आपलं वाक्य तळहाताने पुसू लागली. निमेशने सदऱ्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. कागद भिजू नये म्हणून त्याने तिला दोन गाठी मारल्या होत्या. त्या त्याने दातांनी सोडवल्या.

"नवी काच तूच बसवायचीस," म्हणत माणिकने कुलूप खिशात टाकलं.

निमेशने कागद लेकीपुढे धरला. "रविवारी किती वाजता?"

"नऊ."

"मग सहालाच निघू. मी येतो सोडायला."

तिने खडूचा हात फ्रॉकला पुसला आणि कागद घेतला.