मागच्या सीटचं पॅनल

कुंदनशी मी बोललेलं पहिलं वाक्य असं होतं, "उठा जरा, मले ही खुर्ची खालून पाहाची आहे."

तो उठणार कसा? अकोल्याच्या डाबकी रोडवरचं सलून, एप्रिलची दुपार, कुलर नुसतं पाणी शिंपडत होता आणि याच्या अर्ध्या तोंडाला फेस. शिवमभाऊंचा वस्तरा गळ्याशी, म्हणून त्यानं मान हलवली नाही... फक्त समोरच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं. भर दाढीत कोणी उठ म्हटलं तर माणूस चिडतो. हा हसत होता, आणि त्याचाच मला राग आला.

मी नीलम. अमरावतीच्या आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवते. फ्रेजरपुऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी तीन वर्षांपासून एका विमानाचं कॉकपिट उभं करत होते. हवाई दलाचं जुनं, पंख्याचं विमान, नव्या वैमानिकांना शिकवायचं. माझ्या बाबांनी, देवमनरावांनी, नोकरीत बावीस वर्षं त्याचे मीटर दुरुस्त केले. उडाले एकदाही नाहीत. मेकॅनिकला कोण बसवतं? मला त्यांना त्यात बसवायचं होतं, आणि एकही पुर्जा चुकीचा नको होता. त्यांना विचारायचंही नाही, हे मीच ठरवलेलं. ते दारात येऊन काही बोलायला गेले की मी म्हणायची, बाबा, मधात बोलू नका, मले समजते.

भंगारवाल्यांकडे हिंडून पॅनल मिळालं, मीटर मिळाले, विमान वळवायचा दांडा मिळाला. राहिली होती सीट. आमच्या एका पोरानं अकोल्याच्या त्या सलूनमधून दाढीचा फोटो टाकला आणि मी त्याच्या चेहऱ्याऐवजी खुर्चीच पाहत बसले. बसायच्या जागी खोल खड्डा, त्यात उशी कोंबलेली. वैमानिक त्या खड्ड्यात पॅराशूट ठेवून वर बसतो. ही विमानाची सीट आहे, हे सलूनवाल्याला काय माहीत.

फेस पुसून झाल्यावर कळलं, की हा अर्ध्या दाढीवालाही त्याच सीटसाठी आलाय. कुंदन नाव, कापसाच्या जिनिंग प्रेसचे प्रेशर मीटर दुरुस्त करतो, आणि घरी तेच कॉकपिट बनवतोय. बाप्पा! अख्ख्या वऱ्हाडात असे येडे दोन, आणि खुर्ची एक. शिवमभाऊ म्हणाले, वर-खाली होणारी चांगली खुर्ची आणून द्या आणि ही घेऊन जा, मले काय तिचं लोणचं घालाचं आहे? आठ दिवसांत कुंदननं तशी खुर्ची तयार केली. आणि जुनी सीट टेम्पोत घालून थेट अमरावतीला माझ्या दारात आणली.

"तुमीच ठेवा," तो म्हणाला. "इतक्या रुबाबात कोणी खुर्ची मांगतांना मी पाह्यलंच नाही. फक्त रविवारी येऊन पाहू द्या."

मी त्याला पॅनल दाखवलं. तो फार वेळ पाहत राहिला. इंजिन सुरू करायच्या बटणाच्या छेदाभोवती त्यानं बोट फिरवलं. तो छेद पॅनलला नव्हता, विमानाच्या छापील नकाशात होता, म्हणून मी मोजूनमापून स्वतः पाडलेला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की यात चूक काढणारा अजून जन्माला यायचा आहे. त्यानं बोट काढून घेतलं आणि प्यायला पाणी मागितलं.

मग रविवार सुरू झाले. लोक गजरे आणतात. हा रुमालात बांधून पितळी स्क्रू आणायचा. एकदा एका स्विचची लाल टोपी आणली, ती मी दिवसभर मुठीत घेऊन फिरले. मी पॅनलच्या मागे तार जोडायची, तो बॅटरी धरायचा, आणि उजेड हळूहळू तारेवरून सरकत माझ्या हातावर यायचा.

"तार तिकडं आहे," मी म्हणायची.

"हो का? ...मले वाटलं इकडं आहे."

आई काही न विचारता दोन पोळ्या जास्त टाकू लागली. बाबा आणि तो ओसरीवर बसून गप्पा मारायचे, मी आले की गप्प व्हायचे. मला वाटायचं, माझंच कौतुक चाललं असेल. दुसरं काय वाटणार मला?

जूनच्या एका शनिवारी मी न सांगता अकोल्याला गेले. दोन महिन्यांत त्यानं त्याचं कॉकपिट पाहायला एकदाही बोलावलं नव्हतं, आणि मला चैन पडत नव्हतं... कॉकपिटसाठी, असं मी स्वतःला बसमध्ये सांगत होते. त्याच्या आईनं, शकुनबाईंनी, दार उघडलं, या न, म्हणाल्या, तो आतच हाय.

आत भिंतीला टेकवून पॅनल उभं होतं. माझ्यासारखंच. फक्त याच्यावरचा बटणाचा छेद कारखान्यातला होता, त्याला पितळी कडी होती. मला एका नजरेत सगळं समजलं. विमानाला सीटा दोन, एकामागे एक. इंजिन सुरू होतं ते पुढच्या सीटवरून. मी तीन वर्षं मागच्या सीटचं पॅनल पुढचं समजून बसले होते, आणि चांगल्या अस्सल पॅनलला माझ्या हातानं भोक पाडलं होतं. कान तापले माझे.

"तुमाले पह्यल्या दिवशीच कळलं," मी म्हटलं. "कावून नाही सांगतलं?"

कुंदन खाली पाहत होता. मग त्यानं वर पाहिलं, अगदी सरळ.

"सांगणार होतो. पन चूक निघाली असती त तुमी ते पॅनल मले देऊन टाकलं असतं अन् माझं मांगून घेतलं असतं. काम झालं असतं. मंग मी रविवारी कोणत्या तोंडानं आलो असतो?" तो थांबला. "मले पॅनल नाही पाहाचं होतं, नीलम."

पहिल्यांदा नुसतं नावानं बोलला. मी तशीच निघाले. बसमध्ये खिडकीशी बसून मी त्याच्यावर चिडायचा प्रयत्न केला, आणि बोरगाव येईपर्यंत समजलं की मी चिडलेय ती स्वतःवर. तो मला आवडत होता. फार आवडत होता. आणि त्याला खरं बोलायला मीच जागा ठेवली नव्हती.

घरी बाबांना विचारलं, तुमाले माहीत होतं का? ते हळूच म्हणाले, "मले तू इचारलं होतं का, बेटा? त्या पॅनलचे मीटर मी बावीस वर्षं काढले अन् लावले. मागच्या सीटवर शिकवणारा बसते. पोरगं पुढं, मास्तर मागं. तुयं पॅनल मास्तरचं आहे."

मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, आता सांगा, आणखी काय काय चुकलंय. बाबांनी अकरा चुका सांगितल्या. मी वहीत लिहून घेतल्या. इतका खुश माणूस मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

मग फोन लावला. "मी चुकली," म्हटलं. हे शब्द तोंडातून निघायला किती जड जातात, ते त्याच दिवशी कळलं. "उद्या रविवार आहे. तुझं पॅनल घेऊन ये. दोन्ही एकाच खोलीत लावू."

"दोन्ही?"

"विमानाले सीटा दोन असतात, कुंदन."

तो टेम्पो घेऊन आला. बाबांनी स्वतः उभं राहून पुढचं पुढे, मागचं मागे लावून घेतलं आणि दोन्हींच्या तारा एकाच बॅटरीला जोडून घेतल्या. माझं भोक पाहून म्हणाले, राहू दे, तुयी सही आहे ती. मग पुढच्या पॅनलसमोर ठेवलेल्या सलूनच्या सीटवर बाबा बसले. त्यांनी दांडा धरला आणि एकेका मीटरवर बोट ठेवलं. आईनं पदर डोळ्यांना लावला. उठल्यावर ते कुंदनला म्हणाले, आता तू बस, आणि आईला घेऊन चहा टाकायला गेले.

कुंदन पुढे बसला. मागे सीट नव्हती, मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. मास्तरीणच मी, माझी जागा तीच होती.

"इथून मले तू दिसत नाही," तो समोर पाहत म्हणाला. मग पिशवीतून त्यानं एक छोटा आरसा काढून पुढच्या चौकटीला अडकवला. शिवमभाऊंनी दिलेला, सलूनमधला. कडेला साबणाचा जुना डाग तसाच होता. त्यानं आरसा थोडा वाकवला... अजून थोडा... आणि त्यात त्याचे डोळे माझ्या डोळ्यांना भिडले. हसतच होते.

"सांग," तो म्हणाला. "जन्मभर मागून असंच ओरडत राहशील का माझ्यावर?"

या वेळी मला राग आला नाही.

"राहीन," मी म्हटलं. "आधी बटण दाब."

त्यानं बटण दाबलं, आणि दोन्ही पॅनलचे दिवे एकदमच लागले.